त्याला तुम्हीच सांगा की

आज सकाळी हेल्मेट, हातमोजे आणि ते घट्ट कपडे घालून, एक पाय पेडलवर नि एक जमिनीवर ठेवून मी रस्त्याच्या कडेला नुसता उभा होतो. हँडलवरचं जीपीएस ‘उपग्रह शोधत आहे’ म्हणत होतं, आणि ते सापडल्याशिवाय निघायचं नाही असा नियम आहे. नियम माझाच. जी राइड नोंदली गेली नाही ती झालीच नाही, असं मानणाऱ्या पंथातला मी. हसू नका, या पंथात माझ्याहून कडवी माणसं आहेत.

उपाय सगळे करून झालेत. यंत्र बंद करून चालू केलं. नवं सॉफ्टवेअर घातलं. पुढचे काही दिवस कुठला उपग्रह कुठे असेल याच्या भाकिताची एक फाइल यंत्रात असते, ती शिळी झाली की असं होतं म्हणे. ती पुसून ताजी उतरवली. सेटिंगमध्ये जीपीएसच्या जोडीला रशियाचं ग्लोनास लावलं, मग ते काढून युरोपचं गॅलिलिओ लावलं. सगळ्या महासत्तांची दारं ठोठावून झाल्यावर कंपनीच्या मदतकक्षाला लिहिलं. उत्तर आलं, ‘मोकळ्या आकाशाखाली स्थिर उभे राहा.’

म्हणून उभा होतो. तेवढ्यात फिरायला निघालेले एक काका थांबले.

“काय हो, पंक्चर?”

“नाही काका. उपग्रह शोधतोय.”

काकांनी मान वर केली. अगदी प्रामाणिकपणे, या टोकापासून त्या टोकापर्यंत आकाश तपासलं. “नाही दिसत,” ते म्हणाले.

“दिसायचे नाहीत. वीस हजार किलोमीटरवर असतात.”

“मग कशाला शोधताय?”

“मी कुठे आहे ते कळायला.”

आता काकांच्या चेहऱ्यावर काळजी आली. आवाज एकदम मऊ झाला. “तुम्हाला माहीत नाही, तुम्ही कुठे आहात?”

“मला माहीत आहे हो. याला माहीत नाही.”

“मग त्याला तुम्हीच सांगा की.”

राग यावा असंच वाक्य आहे, पण त्यात तथ्य आहे हे जास्त लागतं. फोनला असंच कोणीतरी सांगतं. तू साधारण इथे आहेस, उपग्रह अमुक ठिकाणी आहेत, हे मोबाइलचं नेटवर्क त्याला आयतं पुरवतं, म्हणून तो लगेच ठिकाणावर येतो. माझ्या यंत्राजवळची फाइल कुचकामी ठरली, की त्याला थेट उपग्रहांकडूनच ऐकावं लागतं. प्रत्येक उपग्रह स्वतःचा ठावठिकाणा सांगायला तीस सेकंदांची फेरी घेतो. सगळ्यांची मिळून ढोबळ यादी हवी असेल तर साडेबारा मिनिटं. मध्ये काही ऐकायचं राहिलं तर पुढच्या फेरीपर्यंत थांबा.

हे मी काकांना सांगायला घेतलं, ती चूक नव्हे, सभ्यता होती. तिचं फळ असं की काका स्क्रीन बघायला वाकले आणि त्यांचं डोकं बरोबर यंत्राच्या डोक्यावर आलं. उपग्रह बोलतो ते साध्या दिव्याला लागतील तेवढ्या वॅटवर. वीस हजार किलोमीटर उतरून येईपर्यंत त्यातलं उरतं किती! ते जे काही उरलेलं होतं ते आता काकांच्या टोपीवर पडत होतं. वडीलधाऱ्या माणसाला ‘डोकं बाजूला घ्या, उपग्रह अडतोय’ असं कुठल्या तोंडाने सांगणार?

“किती लागतात?” काकांनी वाकूनच विचारलं.

“चार.”

“तीनमध्ये भागत नाही?”

“तिघांत जागा ठरली असती. पण यातलं घड्याळ तेवढं अचूक नसतं. त्याची चूक काढायला चौथा लागतो.”

काका ताठ उभे राहिले. रोगाचं निदान झालं होतं. “म्हणजे घड्याळ बिघडलंय! सेल बदला.”

“सेलचा प्रश्न नाही काका. घड्याळं तर उपग्रहांतलीसुद्धा रोज पुढे जातात.” मी आईनस्टाईनला मध्ये घातलं. एवढ्या उंचीवर, एवढ्या वेगात, दिवसाला अडतीस मायक्रोसेकंद पुढे. तसंच राहू दिलं तर एका दिवसात दहाएक किलोमीटरची चूक.

“माझंही पाच मिनिटं पुढे असतं,” काका मनगट दाखवत म्हणाले. “मुद्दामच. मी मनातल्या मनात वजा करतो.”

आता यावर काय बोलणार? तिकडेही तेच करतात. सोडण्याआधीच घड्याळ तेवढं हळू लावून ठेवतात. सापेक्षतावादाचा निकाल काकांनी चालता चालता लावला होता.

मग त्यांनी माझा ताबाच घेतला. “रेंजचा प्रॉब्लेम आहे. त्या खांबापाशी या, मला तिथे नेहमी येते.” आणि मी गेलो! सायकलच्या बुटांनी टक टक करत, सायकल ढकलत, खांबापर्यंत. तिथे बाजूला इमारत. भिंतीवर आपटून आलेले सिग्नल यंत्राला आणखी चकवतात, त्यामुळे होती ती आशाही गेली. खिशातला फोन काढून पाहिला. निळा ठिपका खांबासकट बरोबर जागेवर. म्हणजे फोटो, फोन, बँक, घरच्यांचे निरोप एवढं सगळं सांभाळून तो हेही जाणतो. आणि ज्याला आयुष्यात हे एकच काम दिलंय, ते आकाशाकडे बोट दाखवतं.

2000 सालच्या मे महिन्यापर्यंत अमेरिका आपल्यासारख्यांचा जीपीएस सिग्नल मुद्दाम बिघडवून देत असे. शंभरेक मीटरची चूक ठरलेली. तो काळ वाईटच, पण निदान शिव्या कोणाला घालायच्या हे माहीत होतं. आता सिग्नल शुद्ध, उपग्रह तीसच्या आसपास, शिवाय रशिया आणि युरोप मदतीला, आणि दोषी कोण तर मी. मी स्थिर उभा राहिलो नाही. माझं आकाश पुरेसं मोकळं नव्हतं. ग्राहकाच्या आकाशात खोट काढणारा धंदा दुसरा कुठला असेल तर कळवा.

“निघा तुम्ही,” शेवटी काका म्हणाले. “ते येईल मागून.”

निघालो. माझ्या रस्त्यावर एकच चढ आहे आणि तो सुरुवातीलाच आहे. तो मी धापा टाकत, तोंडाला फेस आणत चढलो. माथ्यावर पोचलो आणि यंत्राने आनंदाने शीळ घातली: उपग्रह सापडले. नोंद सुरू झाली ती उतारापासून.

ॲपवर आता माझी राइड डोंगरमाथ्यावर उगवते आणि सुसाट खाली येते. एका मित्राने विचारलंय, वरपर्यंत गाडीत घालून नेली होतीस का. दुसऱ्याने त्याला हसणारा चेहरा लावलाय. मदतकक्षाला पुन्हा लिहिलं. त्यांचं उत्तर तेच, फक्त या वेळी ‘स्थिर’ ठळक अक्षरांत, आणि खाली एक सल्ला: चाकाला लावायचा सेन्सर आमच्याकडे मिळतो, तो घेतलात तर उपग्रह नसले तरी अंतर मोजलं जाईल. वेगळे पैसे पडतील.