सकाळी समुद्र नव्हता

अंदमानला जायचं हे आमच्या घरात एका जेवणात ठरलं. तिथे गेल्यावर राहायचं कुठे, हे ठरता ठरता मात्र घरातली निम्मी माणसं एकमेकांशी बोलेनाशी झाली.

लेकीला खरं तर मालदीवला जायचं होतं. तिथे म्हणे पाण्यात खांब रोवून खोल्या बांधतात, पायऱ्या उतरलं की थेट समुद्र. पण तिथला रिवाज एका बेटावर एकच रिसॉर्ट असा. सासूबाईंनी विचारलं, "मग संध्याकाळी पाय मोकळे करायला जायचं कुठे?"

"आजी, बेटाला चक्कर मारायची."

"किती वेळ लागतो?"

"पंधरा मिनिटं."

"आणि मग?"

या 'आणि मग'ला लेकीकडे उत्तर नव्हतं. शिवाय तिथल्या लांबच्या बेटांवर सी-प्लेननं जावं लागतं, ती उजेडातच उडतात, आणि त्यांच्या भाड्यात आमच्या कोकण रेल्वेच्या कित्येक मे महिन्यांची सोय झाली असती. तेवढ्यात कुणीतरी अंदमानचं नाव काढलं. सावरकरांची कोठडी बघायला मिळणार म्हटल्यावर सासूबाईंनी मतदान तिथेच संपवलं. ती कोठडी सेल्युलर जेलच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर आहे, जिने चढावे लागतील, असं मी हळूच सुचवलं. "चढेन," त्या म्हणाल्या. "हॉटेलात मात्र तळमजला बघ हो. माझे गुडघे."

हॉटेल मी बघायचं होतं. आमच्या घरात ज्या कामात शेवटी कुणाला तरी शिव्या बसणार असतात, त्या कामातलं मला फार कळतं.

नवरा ऑडिटमध्ये आहे. त्याला कोथिंबीर आणायला पाठवलं तरी तो तुलनात्मक तक्ता घेऊन येतो. त्यानं लगेच एक्सेल उघडलं आणि रात्री विजयी मुद्रेनं जाहीर केलं, "हॅवलॉक विसर. त्यापेक्षा स्वराज द्वीप स्वस्त पडतंय." मी म्हटलं, अरे, ते एकच बेट आहे. 2018 च्या डिसेंबरात हॅवलॉकचं स्वराज द्वीप झालं आणि नीलचं शहीद द्वीप. 2024 मध्ये पोर्ट ब्लेअरचंही श्री विजयपुरम झालं. पण हॉटेलवाल्यांनी आपापल्या सोयीनं कुठे जुनं नाव ठेवलंय, कुठे नवं घेतलंय. नवऱ्याच्या तक्त्यात त्यामुळे बंगालच्या उपसागरात नसलेली दोन बेटं उगवली होती, आणि त्यांपैकी एकावर एकच हॉटेल दोन वेगवेगळ्या दरांनी उभं होतं. वर किनाऱ्यांना नंबर. गोविंदनगर तीन नंबर, विजयनगर पाच नंबर, राधानगर सात नंबर. सासूबाई म्हणाल्या, "मला बाई आपला एकच नंबर कळतो, कल्याण लोकल लागते तो."

मग हॉटेलांच्या खोल्या. या व्यवसायातल्या लोकांनी 'समुद्र दिसतो' हे दोन शब्दांचं वाक्य टाळण्यासाठी जी मेहनत घेतली आहे तिला तोड नाही. सी फेसिंग म्हणजे खोलीचं तोंड समुद्राकडे आहे. मध्ये काय आहे त्याची हमी कुणी घेत नाही, जनरेटरही असू शकतो. सी टच हा शब्द आपल्याला कोकणातल्या पाट्यांवरून ओळखीचा, पण त्यात कोण कुणाला टच होतं ते मोघमच असतं. पार्शल सी व्ह्यू म्हणजे बाल्कनीच्या कठड्यावरून डावीकडे झुकायचं, नवऱ्यानं मागून घट्ट धरायचं, आणि लांब काहीतरी निळं दिसलं की समाधान मानायचं. ते निळं शेजारच्या बांधकामावरची ताडपत्रीही असते. आणि गार्डन व्ह्यू म्हणजे एक क्रोटन.

फोटो सगळे सारखेच. दोन माडांमध्ये बांधलेली जाळीची झोळी, तिच्यात हॅट घातलेली पाठमोरी बाई. पलंगावर टॉवेलचे दोन हंस, मध्ये जास्वंदीच्या पाकळ्यांचा बदाम. मला त्या हंसांची भीतीच वाटते. सासूबाई, लेक, नवरा आणि मी, असे चौघं एका फॅमिली रूममध्ये सामानासकट शिरणार आणि समोर तो बदाम! सासूबाईंनी फोटो मोठा करून बघितला आणि विचारलं, "हे टॉवेल नंतर अंग पुसायला देतात, की वेगळे?" मला इतकं मुद्द्याचं काही सुचलं नव्हतं.

मध्यंतरी गल्लीतल्या पॅकेजवाल्याकडेही जाऊन आले. तो ईपी, सीपी, एमएपी, एपी असं मंत्र म्हटल्यासारखं म्हणत होता. ईपी म्हणजे नुसती खोली, सीपी म्हणजे खोली नि नाश्ता, एमएपी म्हणजे नाश्ता अधिक एक जेवण, एपी म्हणजे तिन्ही त्रिकाळ. एवढं कळल्यावर मी बरीच पुढे गेल्यासारखं वाटलं. मग त्याच्या कागदाच्या तळाशी, मुंगीच्या अक्षरात, हॉटेलच्या नावापुढे दोन शब्द दिसले: 'ऑर सिमिलर'.

"म्हणजे काय हो?"

"म्हणजे मॅडम, हेच हॉटेल. नाहीतर तसलंच."

"तसलंच म्हणजे कसलं?"

"सेम कॅटेगरी. त्यालाही छप्पर असतं, एसी असतो."

ही सोय आपल्यालाही हवी होती. पत्रिकेत नवऱ्या मुलाच्या नावापुढे 'अथवा तत्सम' छापता आलं असतं तर कितीतरी मुलींचे बाप निवांत झोपले असते.

घरी येऊन मी अभिप्राय वाचायला घेतले. पाच तारेवाले वाचायचे नसतात, ते मुक्कामातल्या पहिल्या संध्याकाळी लिहिलेले असतात. एक तारावाले वाचायचे. एकानं पाऊस पडला म्हणून एक तारा दिला होता. दुसऱ्यानं जेवणात पनीर दोनच वेळा मिळालं म्हणून. तिसऱ्यानं, 'शांतता फार आहे' अशी तक्रार केली होती. वाळूतल्या बारीक माश्या चावतात हे बऱ्याच जणांनी लिहिलं होतं. ती चिलटं असणार, ओडोमास न्या, असा सासूबाईंचा निकाल आला. लेकीला कुठेतरी काही किनाऱ्यांवर मगरींपासून सावध राहायच्या पाट्या आहेत असं सापडलं, तर नवऱ्यानं तक्त्यात 'मगर: हो/नाही' असा रकाना वाढवला. आणि मग, सगळ्यांना पसंत पडत आलेल्या हॉटेलच्या खाली, एका गृहस्थाचं तीन शब्दांचं वाक्य: 'सकाळी समुद्र नव्हता.'

मला वाटलं, रात्री जास्त झाली असेल. पण खालच्या बाईंनीही लिहिलं होतं, की आम्ही पोहायचे कपडे घालून बाहेर आलो तर समुद्र गेलेला होता, जेवणाच्या वेळेला परत आला. ही भाषा आमच्याकडे कामवाल्या मावशींबद्दल वापरतात. समुद्राबद्दल मी पहिल्यांदा ऐकली.

गुहागरला नवऱ्याच्या मामांना फोन लावला. मामांची वाडी आहे, असगोलीच्या कोळ्यांशी त्यांची रोजची ऊठबस आहे, आणि समुद्राबद्दल बोलताना ते घरातल्या द्वाड पोरट्याबद्दल बोलावं तसं बोलतात. ते म्हणाले, "अगं सूनबाई, समुद्र काय त्या हॉटेलवाल्याच्या बापाचा नोकर आहे? ओहोटीला जाणारच तो."

मग उलगडा झाला. हॅवलॉकची बहुतेक रिसॉर्टं बेटाच्या पूर्वेला, गोविंदनगर-विजयनगरच्या पट्ट्यात आहेत. तिथला किनारा उथळ आणि लांबवर सपाट. भरतीला पाणी पार माडांपर्यंत येतं, आणि ओहोटीला इतकं मागे जातं की उरतात खडक, मेलेली प्रवाळं आणि मधल्या डबक्यांतून पळणारे खेकडे. पोहायचं म्हणजे तिथवर आधी चप्पल घालून चालत जायचं. फोटोग्राफर येतो तो भरतीची वेळ बघून. आपण जातो ऑफिसची सुट्टी बघून.

पश्चिमेला राधानगरचा किनारा आहे, त्याचं सगळं निराळं. स्वच्छ वाळूचा, पोहण्याजोगा, सूर्यास्तासकट. टाइम मासिकानं 2004 मध्ये त्याला आशियातला सर्वोत्तम किनारा म्हटलं होतं, आणि तेव्हापासून तिथला एकही माणूस ते विसरलेला नाही. पण तिथे राहायच्या जागा मोजक्याच. एकीचं भाडं बघून नवऱ्यानं चष्मा पुसला. आकडा डॉलरमध्ये नव्हता, रुपयांतच होता. एका रात्रीचा होता आणि कर वेगळा होता. त्यानं न बोलता ती ओळ करडी केली. राधानगरला जाऊ या, संध्याकाळी रिक्षानं, धक्क्यापासून साधारण 12 किलोमीटर तर आहे. राहू पूर्वेलाच.

"मग तिथी बघा," मामा म्हणाले. "कुठल्या तिथीला चाललात?"

आम्ही सेल बघून विमानाची तारीख ठरवणारी माणसं. तिथी?

मामांनी शाळा घेतली. तिथीची पाऊणपट करायची की पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनला भरती. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, भरती मोठी तशी ओहोटीही मोठी. अष्टमीच्या सुमाराला भांग, पाणी फार चढत नाही की फार उतरत नाही. लेक मोबाइलमध्ये डोकं घालून बसली होती, तिनं पोर्ट ब्लेअरचं भरती-ओहोटीचं कोष्टक काढलं आणि म्हणाली, "तुमचं टायमिंग तिकडे चुकतंय, आबा." कसं जुळणार, मामांचा हिशेब आपल्या कोकणपट्टीचा, तिकडच्या पाण्याचं घड्याळ निराळं. मामा मोठ्या मनानं म्हणाले, "वेळ वेगळी असेल बाळा. चंद्र तोच ना? उथळ किनाऱ्यावर राहायचंय तर भांगाला जा."

झालं. भिंतीवरचं कालनिर्णय खाली उतरलं. नवऱ्यानं तक्त्यात 'तिथी' असा रकाना घातला, तो रेट आणि मगर यांच्या मध्ये बसला. अष्टमीला लागून सुट्टी काढायची तर साहेबांना कारण काय सांगायचं, असा त्याला प्रश्न पडला. मामा म्हणाले, देवीचं आहे म्हणून सांग. शेवटी एक महिना असा सापडला की अष्टमीही आहे, शनिवार-रविवारही आहे, लेकीची परीक्षाही नाही. मी टाळी द्यायला हात पुढे केला, तेवढ्यात सासूबाई चष्म्यातून पानाकडे बघत म्हणाल्या, "तीन दिवसांनी एकादशी आहे की गं."

एरवी सुरमई समोर आली की सासूबाई वादविवादात पडत नाहीत. पण एकादशी म्हणजे एकादशी. बंगालच्या उपसागरातही.

मी हॉटेलला फोन लावला. स्पीकरवर. पलीकडे एक मुलगा होता, बोलण्यात बंगाली हेल. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेली बरीच कुटुंबं या बेटांवर वसली, त्यातल्याच एखाद्या घरातला असावा.

"मॅडम, एकदम बीचफ्रंट है. रूम से निकला, सीधा पानी में."

"कितने बजे?"

पलीकडे शांतता. मग तो प्रामाणिकपणे म्हणाला, "वो तो मॅडम, चाँद के ऊपर है."

इतक्या दिवसांत एवढं सरळ उत्तर कुणी दिलं नव्हतं. पॅकेजवाल्यानं नाही, फोटोंनी नाही, पाच ताऱ्यांनी तर नाहीच. सासूबाईंनी फोन माझ्या हातातून काढून घेतला.

"भैया, एकादशी के दिन साबुदाणा मिलेगा क्या?"

"साबू? कोई बीमार है क्या, माताजी? हमारे घर में बीमार को देते हैं."

"बीमार नहीं रे बाबा, उपवास है."

"अच्छा, व्रत. तो आप साबू लेके आना, हम बना देगा. मूँगफली है, नारियल है, केला है. मिरची कम डालें?"

"मिर्ची डाल. और सुबह की चाय कब मिलती है?"

"पाँच बजे मिल जाएगा माताजी. इधर सूरज जल्दी उठता है."

ते खरं आहे. त्या बेटांवर घड्याळ आपलंच आहे, सूर्य मात्र आपल्या बराच आधी कामावर येतो आणि हिवाळ्यात संध्याकाळी पाच वाजून गेले की घरी जातो. आयुष्यभर पहाटे उठून अख्खं घर झोपलेलं बघत बसलेल्या बाईला पहिल्यांदाच एक अख्खं बेट जागं मिळणार होतं. त्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "पोरगा चांगला आहे. हेच घ्या."

नवऱ्यानं रकाने मोजून पाहिले. त्याच्या तक्त्यात हे हॉटेल चौथं होतं. चेक-आउट सकाळी आठला होतं, पोहण्याचा तलाव नव्हता, भाडं परत मिळत नव्हतं, आणि खवळलेल्या हवेत बोट रद्द झाली तर तेही आपल्याच नशिबात. त्यानं तोंड उघडलं, आईकडे बघितलं आणि मिटलं. मग कार्ड काढलं.

पैसे भरायच्या पानावर शेवटी एक चौकोन होता: 'आपली काही विशेष विनंती?' नवऱ्यानं तळमजला लिहिला. सासूबाईंनी पाचचा चहा लिहायला लावला, आलं घालून. मी पलंगावर हंस नकोत म्हणून लिहिलं. लेकीनं माझ्या खांद्यावरून हात घालून भराभरा टंकलं, 'समुद्र. जमल्यास सकाळी.'

संध्याकाळी हॉटेलचं उत्तर आलं. तळमजला नक्की. चहा नक्की. हंस रद्द. चौथी विनंती उपलब्धतेनुसार.