निदान सिनेमा बघून तरी थांबवा!

आज संध्याकाळचा आमच्या फिल्म क्लबचा शो रद्द झाला. सेन्सॉरचं सर्टिफिकेट असलेला सिनेमा, हॉलचं भाडं भरलेलं, खुर्च्या मांडून झालेल्या. दुपारी पोलिसांचं पत्र आलं : 'कायदा व सुव्यवस्थेचा प्रश्न निर्माण होण्याची शक्यता.' हॉलवाल्याने पैसे परत केले, कुलूप लावलं. संताप झालाय नुसता.

कॉलेजात असताना आमचा असाच एक शो बंद पाडला होता. पहिलं रीळ चालू असतानाच फौजदार आत आले. मी विचारलं, साहेब, आक्षेप कशाला आहे? म्हणाले, "मी कुठे पाहिलाय? वरून फोन आला."

हा वरचा फोन शंभर वर्षं जुना आहे. सिनेमांवर सेन्सॉर आणणारा १९१८चा कायदा इंग्रजांचा. १९२०पासून मुंबई, कलकत्ता, मद्रास, रंगून अशी प्रांतोप्रांती सेन्सॉर बोर्डं बसली आणि मुंबईच्या बोर्डाचा अध्यक्ष कोण? पोलीस कमिशनर! १९२१च्या 'भक्त विदुर'मधल्या विदुराच्या डोक्यावर गांधी टोपी दिसली, म्हणून मद्रास आणि सिंधमध्ये बंदी. आणि आपल्या प्रभातचा 'स्वराज्य तोरण'! शिवाजी महाराजांच्या भूमिकेत स्वतः शांतारामबापू. 'स्वराज्य' नाव चालणार नाही म्हटल्यावर सिनेमाचा 'उदयकाल' झाला. महाराजांनी उभारलेलं स्वराज्य, आणि ते नाव पडद्यावर आणायची चोरी!

इंग्रज गेले, १९५१मध्ये बोर्ड केंद्राकडे आलं. तरी शो थांबवायची खोड राज्यांनी सोडली नाही. दंगा होईल म्हणून सिनेमा बंद करता येणार नाही, बंदोबस्त ठेवणं हे सरकारचं काम आहे, हे सुप्रीम कोर्टाने १९८९मध्येच सांगितलंय. तरी २०१८मध्ये 'पद्मावत'वर राजस्थान, गुजरात, मध्य प्रदेश, हरियाणा या चार राज्यांनी बंदी आणलीच. पुन्हा कोर्टाने कान उपटले.

बरं, दगड पडले की पहिला पोलिसांच्याच डोक्यात पडतो, हे मान्य. ते फौजदारही माणूस वाईट नव्हते. निघताना हळूच विचारलं होतं, "चांगला आहे का हो सिनेमा?" त्यांना बघायचा होता! त्यांच्यावर राग नाहीच माझा. राग आहे तो धमकी देणाऱ्याला मोकळं सोडून तिकीट काढणाऱ्याला घरी पाठवणाऱ्यांवर. धमकी देणाऱ्याच्या नावाने का नाही निघत एखादं पत्र?

उद्या सकाळी अकराला आम्ही पोलीस ठाण्यात लेखी कारण मागायला जातोय. ज्यांना जमेल त्यांनी या. सिनेमाची कॉपी सोबत नेतोय, साहेबांना बघायचा असेल तर तिथेच दाखवू.