सकर मासा आणि 'आमच्याकडचे' कडक कायदे

उजनी धरणातल्या मच्छीमारांच्या जाळ्यात सकर मासे, म्हणजे लोकांनी फिश टँकमधून आणून सोडलेले परके मासे, येतात, त्यांच्या काट्यांत अडकून जाळी फाटते, अशी बातमी आली की आमच्या ग्रुपवर दोन तट पडतात. एकाचं म्हणणं, फिश टँकचा धंदाच बंद करा. दुसऱ्याचं, हौशी लोकांवर कसला राग काढता, धरणात सांडपाणी सोडणाऱ्यांना आधी धरा. मग परदेशातला कुणीतरी हमखास लिहितो, "आमच्याकडे असलं खपवून घेत नाहीत."

मी दक्षिण फ्लोरिडात राहतो. इथे सर्रास खपतं.

पावसाळ्याआधी कालव्याचं पाणी उतरलं की काठाच्या मातीत ओळीने भोकं दिसतात, आत हात सहज जाईल एवढी. सकर माशांनी अंडी घालायला कोरलेली ही बिळं. पुढच्या पावसात तिथलाच काठ ढासळतो. उत्तरेकडे ब्लू स्प्रिंगच्या झऱ्यात हिवाळ्यात ऊब शोधत मॅनटी येतात, अवाढव्य समुद्रगाईच त्या, तर त्यांच्या पाठीलाही हे सकर मासे चिकटून शेवाळ खरवडत बसतात. मूळचा दक्षिण अमेरिकेचा हा मासा बोटाएवढा असताना 'काच साफ ठेवतो' म्हणून विकला जातो आणि वाढत वाढत दीड फुटाचा होतो. मग टँकमध्ये मावत नाही, मारवतही नाही. लोक जवळच्या पाण्यात सोडून येतात आणि वर पुण्य केल्यासारखं वाटतं.

कायदा आहेच. परका प्राणी मोकळा सोडणं फ्लोरिडात गुन्हा आहे. पण रात्री कालव्यात बादली कोण उपडी करतं, हे बघायला कुणी उभं नसतं. विषारी काट्यांचा लायनफिश इथल्या समुद्रात पहिल्यांदा सापडला १९८५ मध्ये. राज्याने त्याच्या आयातीवर बंदी घातली २०१४ मध्ये! तोवर तो सगळ्या कॅरिबियनमध्ये पसरला होता.

सरकारचे हातही कोरडे नाहीत. कालव्यांत माजलेले परके मासे खायला १९८४ मध्ये खुद्द राज्यानेच दक्षिण अमेरिकेतला पीकॉक बास आणून सोडला. आज तो गळ टाकणाऱ्यांचा लाडका आहे. आपण हसण्यात अर्थ नाही. डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून आपल्या पालिका गप्पी मासे वाटतात, तेही दक्षिण अमेरिकेचेच. आणि आपल्या मरळीच्या जातकुळीतला एक मासा २००० मध्ये इथल्या टॅमरॅक शहराच्या पाण्यात सापडला. तेव्हा 'परका' कुणाला म्हणायचं ते आपण कुठे उभे आहोत त्यावर ठरतं.

इथली एक गोष्ट मात्र मी डोळे झाकून उचलीन. राज्याचं वन्यजीव खातं 'माफी दिवस' भरवतं. नकोसा झालेला विदेशी पाळीव प्राणी, मासासुद्धा, नेऊन द्यायचा. दंड नाही, चौकशी नाही. पशुवैद्य तपासतात आणि आधी नाव नोंदवलेल्या माणसाच्या घरी तो जातो. याने कालवे स्वच्छ झालेले नाहीत. आत गेलेला मासा परत येत नाही. पण सोडून देण्याखेरीज दुसरी वाट तरी दिसते.

आपल्या बंदीच्या मागणीत ही वाट कुठेच नाही. उद्या सकरवर बंदी आली तर ज्यांच्या घरी तो आहे ते घाबरून त्याच रात्री नदी गाठतील. त्यापेक्षा विकणाऱ्यावरच तो परत घेण्याची सक्ती करा. दुकानदार कुरकुरतील, एवढे मोठे मासे ठेवायचे कुठे म्हणतील. कुरकुरू देत, म्हणजे पुढची खेप मागवताना दोनदा विचार करतील.