‘जातच तशी’ म्हणण्याआधी

पिटबुल, रॉटवायलर, डॉबरमन, जर्मन शेफर्ड. ही चार नावं आणि खाली ठळक अक्षरांत ‘ही कुत्री पाळू नका’ असा इशारा. हा मजकूर गेली काही वर्षं फोनवरून फोनवर फिरतोय, आणि कुठे कुत्रा चावल्याची बातमी आली की नव्या जोमाने फिरतो. त्यात म्हटलेलं थोडक्यात असं: पिटबुलचा जबडा एकदा बसला की ‘लॉक’ होतो. त्याच्या चाव्याची ताकद दोन हजार पौंडांची असते. डॉबरमनचा मेंदू कवटीत मावेनासा होतो आणि तो पिसाळल्यासारखा वागतो. कुत्र्यांमुळे होणारे बहुतेक मृत्यू याच जातींमुळे होतात. कितीही माया लावा, एक दिवस ही कुत्री मालकावरच उलटतात. आणि म्हणून सरसकट बंदी हाच उपाय.

यातले पहिले तीन मुद्दे झटपट निकालात निघतात. पुढचे तितक्या सहज निघत नाहीत, कारण त्यांत थोडं तथ्य आहे.

‘पिटबुलचा जबडा लॉक होतो’

होत नाही. त्याच्या कवटीत आणि जबड्याच्या सांध्यात इतर कुत्र्यांहून वेगळा असा कोणताही खटका नाही. पण ही अफवा उगाच जन्मली नाही. बुल आणि टेरियर या घराण्यांतल्या कुत्र्यांना धरलेलं न सोडण्याची खोड असते. ब्रिटनमध्ये त्यांच्या पूर्वजांना बांधलेल्या बैलाच्या नाकाला लोंबकळायला लावत. १८३५च्या कायद्याने तो खेळ बंद झाला, तेव्हा हौशी मंडळींनी कुत्र्यांनाच एकमेकांशी झुंजवायला सुरुवात केली. पिढ्यानपिढ्या चिवट पिल्लंच निवडली गेली. त्यामुळे पिटबुल सोडत नाही, ते त्याला सोडायचं नसतं म्हणून. ही कुत्री सांभाळणारे जाणते लोक हाताशी लाकडाची एक चपटी पाचर ठेवतात. ती दाढांच्या मागे सरकवून पिळली की तोंड उघडतं. जबडा खरोखर लॉक झाला असता तर पाचरीने काय होणार होतं?

‘चाव्याची ताकद दोन हजार पौंड’

हा आकडा कुठून आला ते कुणीच सांगत नाही. प्राणिशास्त्रज्ञ ब्रॅडी बार यांनी नॅशनल जिओग्राफिकसाठी केलेल्या चाचणीत रॉटवायलरचा चावा ३२८ पौंडांचा, जर्मन शेफर्डचा २३८चा आणि पिटबुलचा २३५चा भरला होता. दूरचित्रवाणीसाठी मोजक्या कुत्र्यांवर केलेली ती चाचणी म्हणजे काही शास्त्राचा शेवटचा शब्द नव्हे. पण दोन हजारांच्या ती आसपासही जात नाही. चाव्याचा जोर मुख्यतः डोक्याचा आकार आणि शरीराचं वजन यांवर ठरतो, त्यामुळे एखादा धिप्पाड, सालस मास्टिफ यात पिटबुलला मागे टाकेल.

‘डॉबरमनचा मेंदू कवटीत मावत नाही’

ही निव्वळ लोणकढी. असा कोणताही आजार नाही. या जातीला खरा धोका आहे तो हृदयाचा: हृदयाचे स्नायू ताणले जाऊन ते कमजोर होण्याचा विकार डॉबरमनमध्ये इतका आढळतो, की पाळणाऱ्यांना ठरावीक काळाने हृदयतपासणी करून घ्यायला सांगतात. कवटीची काळजी करणाऱ्या मजकुरात याबद्दल एक ओळ नसते.

‘बहुतेक मृत्यू याच जातींमुळे’

आता अवघड मुद्दा. अमेरिकेत १९७९ ते १९९८ या काळात कुत्र्यांच्या हल्ल्यांत झालेल्या २३८ मृत्यूंचा एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. त्यात निम्म्याहून अधिक मृत्यूंमध्ये पिटबुल पद्धतीची कुत्री आणि रॉटवायलर होते. फिरणारा मजकूर इथवर येऊन थांबतो. त्याच अभ्यासात किमान पंचवीस जातींची नोंद आहे, हे गाळलं जातं. कोणत्या जातीची एकूण किती कुत्री आहेत हे कुणालाच नेमकं ठाऊक नसल्यामुळे अमुक जात किती धोकादायक हे या आकड्यांवरून काढता येत नाही, हेही गाळलं जातं. नव्वदच्या दशकात रॉटवायलर या यादीत वर सरकला. त्याच काळात तो, जातिवंत कुत्र्यांची नोंद ठेवणाऱ्या अमेरिकन केनेल क्लबच्या नोंदणीत दुसऱ्या क्रमांकावर पोचला होता. ज्या कुत्र्याची चलती, त्याच्या हल्ल्यांच्या बातम्याही जास्त.

दुसरा घोळ ओळखण्याचा. ‘पिटबुल’ ही एक जातच नाही. अमेरिकन पिटबुल टेरियर, अमेरिकन स्टॅफर्डशायर टेरियर, स्टॅफर्डशायर बुल टेरियर आणि त्यांचे असंख्य संकर या सगळ्यांना मिळून लोक ते नाव देतात. अमेरिकेत फ्लोरिडातल्या, बेघर प्राण्यांच्या चार निवाऱ्यांमधल्या १२० कुत्र्यांचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात डीएनए चाचणीने पिटबुल घराण्याचा अंश सापडला २५ कुत्र्यांत. ज्यांच्यात तो अजिबात नव्हता, अशा दर तीन कुत्र्यांपैकी एकाला कुणा ना कुणा कर्मचाऱ्याने पिटबुल ठरवलं होतं. कुत्र्यांत दिवस काढणाऱ्यांची ही गत, तर हल्ल्यानंतर घाबरलेल्या शेजाऱ्याने सांगितलेल्या जातीवर किती विसंबायचं? आखूड केस, रुंद डोकं दिसलं की बातमीत पिटबुल.

मला या सगळ्यात सर्वांत मोलाचा वाटतो तो २०१३चा अभ्यास. अमेरिकेत २००० ते २००९ या दहा वर्षांतल्या २५६ मृत्यूंची पोलिस आणि शवविच्छेदनाच्या नोंदींपर्यंत जाऊन छाननी केली गेली. जातीची खात्रीलायक ओळख पटली जेमतेम १७.६ टक्के प्रकरणांत. मग पुन्हा पुन्हा दिसलं काय? मध्ये पडू शकेल असं धडधाकट माणूस ८७ टक्के घटनांत जवळ नव्हतं. ८५ टक्के बळींची त्या कुत्र्याशी धड ओळख नव्हती. ८४ टक्के प्रकरणांत कुत्र्याची नसबंदी झालेली नव्हती. ७७ टक्के बळी वय किंवा शारीरिक अवस्थेमुळे स्वतःचा बचाव करू शकत नव्हते. आणि ७६ टक्के प्रकरणांत कुत्रा घरातल्या माणसांत वाढलेला नव्हता, तो साखळीला, कुंपणात, आवारात नुसता ठेवलेला होता. यांसारखे चार किंवा अधिक घटक एकत्र आलेली प्रकरणं ८० टक्क्यांहून जास्त. ‘राक्षसी जात’ म्हणून मोकळं झालं की यातली एकही गोष्ट कुणी विचारत नाही.

बदनामीचा हा शिक्का कायम एकाच कपाळावर राहत नाही, हेही नोंदवायला हवं. १८७०च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये पिसाळण्याची धास्ती होती ती पांढऱ्या, झुबकेदार शेपटीच्या स्पिट्झची. ऑस्ट्रेलियाने १९२९ मध्ये जर्मन शेफर्डच्या आयातीवर बंदी घातली. डिंगो या तिथल्या रानकुत्र्यांशी संकर होऊन मेंढ्यांचा कर्दनकाळ तयार होईल अशी भीती होती. ती बंदी उठायला सत्तरचं दशक उजाडलं.

‘एक दिवस मालकावरच उलटतात’

‘अचानक चावला, काही कारण नसताना’ असं चावा बसलेले बहुतेक जण सांगतात आणि ते खोटं बोलत नसतात. त्यांना खुणा दिसलेल्या नसतात, इतकंच. कुत्रा आधी तोंड फिरवतो, ओठ चाटतो, झोप आली नसताना जांभई देतो. डोळ्याचा पांढरा भाग कोरीसारखा दिसू लागतो, अंग ताठरतं, शेपटी थबकते. मग गुरगुरणं. आणि इथे आपण मोठी चूक करतो: गुरगुरला म्हणून फटका देतो. चार फटक्यांनंतर तो गुरगुरायचं सोडतो, भीती मात्र तशीच राहते. पुढच्या वेळी इशाऱ्याची पायरी गाळून थेट दात. धोक्याची घंटा आपणच काढून टाकायची आणि वर म्हणायचं, आग न सांगता लागली.

वागणुकीचा पाया फार लवकर घातला जातो. साधारण तीन ते बारा-चौदा आठवड्यांच्या वयात पिल्लू माणसं, मुलं, आवाज, इतर कुत्री यांची ओळख करून घेतं. तो काळ अंधाऱ्या पिंजऱ्यात गेला तर पुढे प्रत्येक अनोळखी गोष्ट त्याला संकट वाटते, मग ते लॅब्रॅडॉर असो की रॉटवायलर.

मग जातीचा काहीच वाटा नाही? आहे. २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात अठरा हजारांवर कुत्र्यांच्या पालकांची उत्तरं आणि दोन हजारांवर कुत्र्यांचं जनुकीय वाचन होतं. दोन कुत्र्यांच्या वागण्यातल्या फरकापैकी जातीने उलगडला तो सुमारे नऊ टक्के. माणसाचं ऐकण्याकडे किती कल, यात जातीचा प्रभाव तुलनेने जास्त दिसला. कुत्रा किती चटकन बिथरतो, याचा अंदाज मात्र जातीवरून जवळजवळ लागलाच नाही. त्याआधीच्या, २००८च्या एका सर्वेक्षणात माणसांवर धावून जाण्यात डॅशहुंड आणि चिवावा आघाडीवर होते. चिवावा चावला की आपण हसतो, बातमी होत नाही. पिटबुल त्या सर्वेक्षणात वर होता तो इतर कुत्र्यांवरच्या आक्रमकतेत. ज्याला पिटबुल पाळायचाय त्याने हे लपवू नये: माणसांशी लोण्यासारखा मऊ असलेला कुत्रा दुसऱ्या कुत्र्याला फाडायला धावू शकतो.

‘रक्तातच असतं’ म्हणणाऱ्यांनी मायकेल विक या अमेरिकन फुटबॉलपटूचं २००७चं प्रकरण आठवावं. त्याच्या झुंजीच्या अड्ड्यावरून जप्त झालेल्या पन्नासेक पिटबुलना मारून टाकावं असं प्राणिप्रेमी संस्थाही म्हणत होत्या. तपासणी झाली. आक्रमकतेमुळे मारावी लागली ती एक कुत्री. सत्तेचाळीस वाचली, त्यांतली कित्येक घरांत रुळली आणि काही तर पुढे आजारी माणसांना धीर द्यायच्या कामी आली.

‘बंदी हाच उपाय’

ब्रिटनने १९९१ मध्ये पिटबुलसह चार जातींवर बंदी घातली. इंग्लंडमध्ये चाव्यांमुळे इस्पितळात दाखल होणाऱ्या प्रौढांचं प्रमाण १९९८ मध्ये लाखामागे सहाच्या आसपास होतं, २०१८ पर्यंत ते पंधराच्या घरात गेलं. डेन्मार्कने २०१० मध्ये तेरा जातींवर बंदी घातली; तिथल्या ओडेन्से शहरातल्या इस्पितळाच्या नोंदी तपासल्या तर चाव्यांत घट दिसेना. नेदरलँड्सने आपली बंदी २००८ मध्ये गुंडाळली. अमेरिकेतल्या डेन्व्हर शहराने १९८९ची बंदी २०२० मध्ये मतदान घेऊन सैल केली. भारतात मार्च २०२४ मध्ये केंद्राने तेवीस जातींविरुद्ध परिपत्रक काढलं. संबंधितांचं म्हणणंच ऐकलं नाही म्हणून कर्नाटक उच्च न्यायालयाने ते एप्रिलमध्ये रद्द केलं. बंदीनंतर दांडगा कुत्रा मिरवायची हौस असलेला माणूस यादीबाहेरची पुढची जात शोधतो. ब्रिटनमध्ये एक्सएल बुली असाच पुढे आला आणि २०२३च्या अखेरीस त्यालाही यादीत घालावं लागलं.

एका गोष्टीत मात्र भीती वाटणाऱ्यांचं म्हणणं मला पटतं. पन्नास किलोचा कुत्रा चुकला तर ती चूक पाच किलोच्या कुत्र्यासारखी मलमपट्टीवर भागत नाही. मोठ्या कुत्र्याच्या मालकाकडून नोंदणी, मजबूत पट्टा, गरज तिथे मुसकं आणि पहिल्याच तक्रारीला दंड, एवढी अपेक्षा ठेवणं जाच नव्हे.

आणि बचाव करणाऱ्यांचाही एक लाडका मजकूर आहे: पूर्वी पिटबुलना ‘नॅनी डॉग’ म्हणत आणि मुलं त्यांच्यावर सोपवत. तोही खोटा. अशी कुठलीही प्रथा नव्हती. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एका वृत्तपत्रीय लेखातून ही कल्पना पसरली. आया म्हणून कोणत्याही जातीचा कुत्रा ठेवू नये.

पिल्लू घ्यायला जाल तेव्हा जातीचा कागद नंतर बघा. पिल्लू आईपाशी किती आठवडे होतं, कुठल्या जागेत वाढलं, रोज किती माणसं त्याला हाताळतात, हे आधी विचारा. आई प्रत्यक्ष बघायला मागा, ती परक्याला बघून कशी वागते ते नीट पाहा. आई दाखवायला टाळाटाळ झाली तर तिथून निघा, मग पिल्लू गोल्डन रिट्रीव्हरचं का असेना.