छोट्या विमानाला खरी भीती वेग कमी झाल्याची

‘शिकाऊ विमानांना 100 नॉटची वेगमर्यादा घाला. पुणे-मुंबई एक्स्प्रेसवेवर मर्यादा चालते, मग आकाशात का नाही? अमेरिकेत तर 120 नॉटची होतीच. मुलांचे जीव वाचतील.’ हा मेसेज आठवडाभरात मला तीन ग्रुपांवर आला. (एक नॉट म्हणजे ताशी साधारण 1.85 किलोमीटर.) पाठवणाऱ्यांची कळकळ खरी आहे. कुणाची लेक बारामतीला विमान चालवायला शिकते आहे. पण यातून घरोघरी एकच सल्ला जाईल, ‘हळू चालव हं’. तो सल्ला घातक आहे, म्हणून लिहिते आहे.

आधी एक्स्प्रेसवे. गाडी हळू केली की शेवटी थांबते, एवढंच. विमान पंखांवरून वाहणाऱ्या हवेवर तोललेलं असतं. वेग घटला की उंची राखायला नाक वर धरावं लागतं, आणि पंखाचा हवेशी होणारा कोन साधारण 15-16 अंशांपलीकडे गेला की प्रवाह तुटतो. हाच स्टॉल.

पूर्ण वजनाची सेसना 172 एस (उड्डाणशाळांतलं नेहमीचं छोटं विमान) फ्लॅप, म्हणजे पंखांमागच्या झडपा, न उघडता सरळ उडत असेल, तर 48 नॉटला स्टॉल होते. 45 अंश कलून उंची राखत वळली तर 57ला, 60 अंशांत 68ला. आता उतरतानाचं शेवटचं वळण डोळ्यांपुढे आणा. वारा मागून ढकलतोय, धावपट्टीची रेषा हुकतेय. शिकाऊ हात कल वाढवतो, पाय रडर (शेपटीचं सुकाणू) दाबतो, नाक उचलायला हात कंट्रोल पोटाशी ओढतो. स्टॉल जवळ आल्याचा इशारा देणारा हॉर्न पिपाणीसारखा वाजू लागतो. वेगाचा काटा 65वर आणि खाली जेमतेम 500 फूट. इथून विमान गिरकीत गेलं तर सावरायला उंचीच नाही. या सगळ्यात 100 नॉटची मर्यादा मोडली कुठे?

हडपसरला ग्लायडिंग शिकत होते तेव्हा बिनइंजिनाच्या ग्लायडरला वर ओढणाऱ्या विंचचा दोर तुटल्याचा सराव व्हायचा. नाक आभाळाकडे, आणि अचानक ओढ संपते. पहिलं काम एकच: नाक खाली, वेग घे. बाकी सगळं नंतर.

विमानांना मर्यादाच नसते, हेही खरं नाही. याच सेसनाच्या वेगदर्शकावर 163 नॉटला लाल रेघ असते. 129च्या पुढचा पिवळा पट्टा फक्त शांत हवेसाठी.

अमेरिकेचा दाखला अर्धवट आहे. 2004 साली तिथे ‘लाइट स्पोर्ट’ हा हलक्या विमानांचा गट आखला: वेग 120 नॉटपर्यंत, स्टॉल 45 नॉटपर्यंत, वजन साधारण 600 किलोपर्यंत. ही गटाची व्याख्या होती. सेसना 152 पूर्ण ताकदीनेही 120 गाठत नाही, तरी वजनामुळे गटाबाहेर राहिली. जुलै 2025मध्ये नवे नियम जाहीर झाले. त्यांत 120ची अट गेली, या गटातल्या विमानासाठी कमाल वेग 250 नॉट ठरला, आणि मुख्य कसोटी स्टॉलच्या वेगाची झाली: 61 नॉट.

मेसेजमधला खरा अंश इथेच आहे. आदळण्याची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. 45ऐवजी 61 नॉटला आदळलात तर ती 1.8 पट होते. म्हणून विमान किती सावकाश उतरू शकतं यावर जरूर बंधन असावं. ते किती जोरात जाऊ शकतं, हा प्रश्न वेगळा.

आणि आपल्याकडचा मे महिना. पुणे साधारण 1,900 फुटांवर. 40 अंश तापमानात हवा इतकी विरळ होते की विमानाला ती 5,000 फुटांच्या वरची वाटते. काटा 65 दाखवतो, वारा नसला तरी जमिनीवरून प्रत्यक्ष वेग 70 असतो. खिडकीबाहेर शेतं भराभर मागे पळताना दिसतात, नवख्याला वाटतं फार जोरात चाललोय, आणि तो वेग कमी करायला जातो. घरून ‘हळू’ बजावलेलं असेल तर आणखी लवकर.

मुलगी सुट्टीला घरी आली की तिला विचारा: 45 अंशांच्या वळणात तुझं विमान किती नॉटला स्टॉल होतं? आणि हॉर्न वाजला की हात आधी कुठे जातो?