भांडण बीफचं, दंड मेंढीच्या दुधाला

पहिलेच सांगून ठेवतो, ही पोस्ट बीफ खावं का नाही यावर नाहीये, त्यावर भांडायला सगळं फेसबुक मोकळं आहे. विषय आपल्या कापसाचाच आहे, फक्त जरा लांबून येतो.

युरोपवाल्यांनी १९८९ पासून हार्मोन देऊन वाढवलेल्या गुरांचं मांस घेणं बंद केलं. अमेरिका म्हणे हे मुद्दाम अडवणं आहे. प्रकरण डब्ल्यूटीओत, म्हणजे जागतिक व्यापार संघटनेत गेलं आणि १९९८ ला निकाल युरोपच्या विरोधात लागला, की बाबा धोका आहे म्हणता तर तसा नीट अभ्यास दाखवा. युरोप तरी हटेना. मग जुलै १९९९ मधे अमेरिकेनं युरोपच्या ११ कोटी ६८ लाख डॉलरच्या मालावर १०० टक्के ड्युटी, म्हणजे आयात कर ठोकला, आणि त्या यादीत कोण सापडलं तर फ्रान्सचं रॉकफोर चीज. हे चीज मेंढीच्या दुधाचं असतं! गायीशी संबंध नाही, हार्मोनशी नाही, तरी अमेरिकेत त्याची किंमत वाढली ती वाढलीच. फ्रान्समधला जोझे बोव्हे नावाचा मेंढपाळ शेतकरी एवढा भडकला की ऑगस्टमधे त्यानं आणि साथीदारांनी मियो गावातलं बांधकाम चालू असलेलं मॅकडोनाल्ड्सच खोलून टाकलं, जेलमधे पण जाऊन आला. २००९ ला तर त्या चीजवर ३०० टक्के लावायची घोषणा झाली होती, मग तडजोड झाली म्हणून वाचले.

१९९९ लाच केळीवरून पण असंच झालं बरं का. अमेरिकेत केळी म्हणावी तशी पिकत नाही, पण केळी विकणाऱ्या मोठ्या कंपन्या तिथल्या, आणि युरोप त्यांची केळी अडवत होता, म्हणून युरोपच्या हँडबॅगा आणि बेडशीटवर ड्युटी. रावेर-सावद्याच्या केळीवाल्या माणसाला सांगितलं तर हसेल.

आता घरचं. ऑगस्ट २०२५ मधे ट्रम्पनं आपल्या मालावर आधी २५ टक्के ड्युटी आणि मग रशियाचं तेल घेता म्हणून अजून २५ लावले. कापड गिरण्या अडचणीत येतील म्हणून सरकारनं बाहेरून येणाऱ्या कापसावरची ११ टक्के ड्युटी काढून टाकली, पहिले सप्टेंबरपर्यंत, मग थेट ३१ डिसेंबर. म्हणजे आपली वेचणी बरोब्बर त्याच्यातच, आणि बाहेरचा स्वस्त कापूस आला की आपला भाव पडतो. गिरण्या जगाव्या हे मान्य आहे, त्यांच्याशिवाय आपला कापूस घेईल कोण, पण मदत त्यांना आणि पैसे आमच्या खिशातून हे काही पटत नाही.

आमचे काका पारोळ्याकडचे. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव होता क्विंटलला ८११०, आणि खेडा खरेदीवाला, म्हणजे गावात फिरून कापूस घेणारा व्यापारी, काट्यावर उभा राहून ६८०० म्हणतो. सरकारी केंद्रावर न्यायचा तर ओलावा १२ टक्क्याच्या वर नको, आणि दिवाळीपर्यंत पाऊस पडलेला, कापूस हातात घेतला तरी गार लागायचा. काका त्या व्यापाऱ्याला एवढंच बोलले, "मना कापूसना रशियाना तेलसंगे काय संबंध शे रे भो?" तो पण काय बोलणार, त्यानं काटा उचलला आणि पुढच्या गल्लीत गेला.

नाही दिला काकांनी. संक्रांतीपर्यंत पुढच्या खोलीत छतापर्यंत कापूस आणि घरातली सगळी लेकरं अंग खाजवत ओट्यावर झोपायची.