गडगा सरकवा, परराष्ट्र धोरण शिका

परराष्ट्र धोरणावर बोलायचं तर दिल्लीत राहावं लागतं, फाडफाड इंग्रजी यावं लागतं आणि पाच-सात वर्षं कुठल्यातरी वकिलातीत काढावी लागतात, असा एक गैरसमज आहे. देवगड तालुक्यात तो कोणालाच नाही. आमच्या एसटी स्टँडसमोरच्या टपरीवर सकाळी साडेसातला होर्मुझची सामुद्रधुनी बंद होते आणि आठची गाडी लागायच्या आत उघडतेसुद्धा. तरीही एखाद्या नवशिक्याला मार्गदर्शन हवं असेल, तर भाऊबंदकीच्या चाळीस वर्षांच्या अनुभवावर मी ते फुकट द्यायला तयार आहे.

सुरुवात गडग्यापासून, म्हणजे दोन वाड्यांमधल्या रचलेल्या दगडी कुंपणापासून करा. सीमा एका रात्रीत सरकवणारा माणूस अडाणी. गडगा पावसाळ्यात आपोआप ढासळतो, फक्त तो परत रचायला आपण आधी जायचं. प्रत्येक दगड वीतभर पलीकडे ठेवायचा. पाच पावसाळे गेले की एक माड आपला. चुलतभावाने आवाज काढलाच तर त्याच्यापेक्षा मोठ्याने ओरडायचं, "मेल्या, गडगो थंयच होतो!" आणि लगेच आपणच तलाठ्याकडे अर्ज करायचा. चीनने दक्षिण चिनी समुद्रात वेगळं काय केलं? नकाशावर नऊ तुटक रेघा मारल्या, प्रवाळाच्या खडकांवर वाळू ओतून बेटं उभी केली आणि वर शेजाऱ्यांनाच सांगितलं की शांतता बिघडवू नका. फिलिपिन्सने मोजणी मागवली. १२ जुलै २०१६ रोजी हेगच्या लवादाने निकाल दिला की त्या रेघांच्या आतल्या 'ऐतिहासिक हक्कां'ना कायद्याचा आधार नाही. चीनने निकालच मानला नाही. आमचे धाकटे काका सरकारी मोजणी मानत नाहीत, कारण मोजणीदार दुपारी जेवायला आमच्याकडे होता. चीनला एवढंही कारण द्यावं लागलं नाही. याला म्हणतात महासत्ता.

आता तटस्थता. ही कला देवळातल्या बैठकीत शिकावी. दोन घरांत जुंपलेली असते, दोघेही आपल्याकडे बघत असतात, अशा वेळी तंबाखूची डबी काढायची आणि चुना नखाने खरवडत बसायचं. २ मार्च २०२२ रोजी युक्रेनवर संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत मतदान झालं. १४१ बाजूने, ५ विरोधात आणि ३५ जण चुना मळत बसलेले. त्यांत आपणही होतो. रशियाचं तेल त्यानंतर आपल्याकडे स्वस्तात येऊ लागलं, ही बाब वेगळी. मळलेली तंबाखू शेवटी खायचीच असते.

आमसभेचं सोडा, तिथे नुसतंच बोलायचं असतं. नारळ कोणी फोडायचा ते सुरक्षा परिषदेत ठरतं. १९४५ पासून पाच मानकरी कायमचे आहेत आणि त्यांतल्या एकाने जरी नकाराची मान हलवली तरी कौल फिरतो. आमच्या गावऱ्हाटीत, म्हणजे देवस्थानाच्या गावरीतीतही मान असाच आहे. फरक इतकाच की आमच्या मानकऱ्यांना निदान जत्रेच्या खर्चाला हात लावावा लागतो.

मैत्रीबद्दल मात्र सावकाश सांगायला हवं, कारण त्यात आमच्या आंब्याच्या पेट्या अडकल्या आहेत. दोन राष्ट्रांची मैत्री झाली हे ओळखायचं कसं? मिठीवरून नव्हे. मिठी मारली की फोटो निघतो, मैत्री झाली की फळ निघतं. अमेरिकेने कितीतरी वर्षं आपला आंबा घेतला नव्हता. २००६ साली बुश येऊन गेले आणि २००७ मध्ये आंब्याला दार उघडलं. त्याच व्यवहारात आपण हार्ले-डेव्हिडसनच्या मोटरसायकलींना वाट करून दिली. व्यवहार चोख होता. त्यांना आमचा हापूस मिळाला, आम्हाला मुंबई-गोवा महामार्गावर चालवायला हार्ले मिळाली. (तो महामार्ग कोणत्या शत्रुराष्ट्राने खणून ठेवला आहे याचा शोध कोणीतरी परराष्ट्र खात्याकडे सोपवावा.) आता तो आंबा आधी गॅमा किरणांखाली जातो. त्यावर देखरेख ठेवायला अमेरिकेचा निरीक्षक समोर असावा लागतो आणि त्याचा खर्च आंबेवाल्यांच्या माथी. म्हणजे पाहुण्याने आपल्या घरी यायचं, आपल्याच ताटातलं फळ हुंगून बघायचं आणि परतीचं भाडं आपण द्यायचं. जावई आणि मित्रराष्ट्र यांत फरक शोधू नये. मे २०२५ मध्ये काही खेपा अमेरिकेच्या विमानतळांवर अडल्या. आंबा खराब नव्हता, कागद खराब होता. परत आणण्याचं भाडं मालापेक्षा महाग, म्हणून तिथेच नष्ट केला. त्याच वर्षी २७ ऑगस्टपासून अमेरिकेत आपल्या बऱ्याच मालावर पन्नास टक्के आयातशुल्क बसलं. तेल रशियाचं, राग अमेरिकेचा आणि डोक्याला हात लावून बसला कोळंबीवाला. हा मैत्रीचा पुढचा टप्पा असतो, घाबरू नका.

युरोपचं आणखी नाजूक. १ मे २०१४ पासून त्यांनी आपल्या आंब्याबरोबर वांगी, कारली, पडवळ आणि अळू यांवरही बंदी घातली. आंब्यात माशी सापडली हे समजू शकतं. पण अठ्ठावीस देशांच्या संघाला अळवाच्या फदफद्याचं भय वाटावं, हे वाचून आमच्या काकूला पहिल्यांदा आंतरराष्ट्रीय राजकारणात रस निर्माण झाला. आंब्यावरची बंदी २०१५ च्या सुरुवातीला उठली.

परदेशी प्रकल्पांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण ते इथे थोडक्यातच असतात. गुहागरकडे एन्रॉनची अमेरिकन वीज आली आणि कंपनीच बुडाली. खाडीपलीकडे जैतापूरला डिसेंबर २०१० मध्ये फ्रान्सशी करार झाला, सहा अणुभट्ट्या, ९,९०० मेगावॅट. ज्या अरेवा कंपनीशी करार झाला तिचा अणुभट्ट्यांचा धंदाच पुढे दुसऱ्या फ्रेंच कंपनीने ताब्यात घेतला. अणुभट्टी अजून एकही उभी नाही. विरोध करणाऱ्यांवर पोलिसांचा गोळीबार मात्र वेळेवर झाला, एप्रिल २०११ मध्ये, आणि त्यात एक माणूस गेला. उभयपक्षी निवेदनात तो येत नाही. निवेदन म्हणजे देवळातलं गाऱ्हाणं. एकाने घालायचं, बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं.

सगळ्यात मोठा धडा आमच्या विजयदुर्गावर ठेवला आहे, जाऊन बघा. एके काळी पोर्तुगीज म्हणत, आमचा कार्ताझ नावाचा परवाना घेतल्याशिवाय या समुद्रात गलबत हाकायचं नाही. समुद्र इथला, परवाना लिस्बनच्या राजाचा. मग आंग्र्यांनी आपला दस्तक काढला आणि उलट परदेशी जहाजांकडेच तो मागू लागले. हे इंग्रजांना सोसेना, आणि तुळाजी आंग्रे नानासाहेब पेशव्यांना जुमानेना. झाली की रणनीतिक भागीदारी! फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह आरमार घेऊन आले, पेशव्यांची फौज जमिनीवरून आली आणि बंदरात उभं असलेलं आंग्र्यांचं आरमार जळून गेलं. किल्ल्यावर निशाण इंग्रजांचं चढलं, खजिनाही त्यांनीच वाटून घेतला. पेशव्यांना किल्ला मिळाला तो काही महिन्यांनी, बाणकोट देऊन. क्लाइव्ह पुढच्या वर्षी प्लासीला दिसला. आणि विजयदुर्ग पडल्यावर जवळपास सत्तेचाळीस वर्षांनी, ३१ डिसेंबर १८०२ रोजी, पेशव्यांच्याच घराण्यातला दुसरा बाजीराव वसईला इंग्रजांच्या तहावर सही करत होता. पण एक लक्षात घ्या, चुलतघराण्याची जिरली ती जिरलीच. ते समाधान तहात लिहिता येत नाही.

मी स्वतः हाच मार्ग अवलंबला, म्हणून अधिकाराने सांगतो. चुलतभाऊ गडग्यावरून ऐकेना. तेव्हा मुंबईहून जमिनी बघत आलेल्या एका सज्जनाशी मी मैत्री केली. सामायिकातला माझा हिस्सा त्याला लिहून दिला, वाट तेवढी तोंडी ठेवली. शब्दाचा माणूस वाटला. त्याने जेसीबी आणला आणि तासाभरात चाळीस वर्षांचा गडगा उचलला. दोन्ही बाजूंचा. चुलतभावाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता, आणि मी तो पडवीत बसून चहाबरोबर बघितला.

आता तिथे चिऱ्यांची भिंत आहे आणि लोखंडी गेट आहे. घरी जायची वाट त्यातूनच. गेटवर एक भला वॉचमन असतो, बिचारा बिहारकडचा, आमचे संबंध उत्तम आहेत. त्याच्याकडे वही आहे. नाव, वेळ, कुठून आलात, काय काम. पेन दोरीला बांधलेलं असतं. संध्याकाळी बाजारातून येताना बहुतेक माझ्या पुढे चुलतभावाची सही असते. 'काय काम' या रकान्यात त्याने लिहिलेलं असतं 'घर'. मी खाली दोन टिंबं देतो.